तळ्यावर जायचं, तर पहिली होडी कोणती?

मागच्या वेळी आपण मासळी सुकवण्याबद्दल बोललो. त्यानंतर आमच्याकडे सगळ्यात जास्त एकच प्रश्न आला. "बाई, गटानं तळं घेतलं, बीज सोडलं, मासा मोठा झाला. आता पाण्यात उतरायचं कशावर?" आज त्याच प्रश्नावर बोलू. गटाची पहिली छोटी होडी कशी निवडायची, हे सांगणार आहोत. आम्ही ते पुस्तकात वाचून शिकलो नाही. दोनदा चुकलो, तेव्हा कळलं. त्या चुका आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. आणि पैशापेक्षा मोठं काही जायचं असेल, तर तेही वाचेल.

आमचा भाग पूर्व विदर्भातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गावोगावी तळी आहेत. माजी मालगुजारी तलाव, म्हणून त्यांना सगळे मामा तलाव म्हणतात. धानाला पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी, त्यातही कोहळी समाजानं, ती बांधली. ही तळी फार खोल नसतात, पण फसवी असतात. कुठं कमरेइतकं पाणी, तर दहा पावलांवर डोक्यावरून. खाली गाळ, मध्येच बुडालेल्या झाडाचा खुंट, वरून कमळाच्या आणि शिंगाड्याच्या वेली. अशा पाण्यासाठी होडी निवडायची आहे, हे डोक्यात ठेवा. समुद्राची होडी वेगळी, नदीची वेगळी, तळ्याची वेगळी.

पहिली चूक: ट्यूब

आमच्याकडे बरेच जण ट्रकच्या ट्यूबवर बसून पाण्यात जातात. आम्हीही तेच केलं. ट्यूब स्वस्त, हलकी, सायकलला अडकवून नेता येते. शिंगाडे तोडायच्या दिवसांत आमच्यातली एक मावशी ट्यूबवर होती. पाण्याखालचा खुंट लागला आणि ट्यूब फाटली. ट्यूबमध्ये हवेचा एकच कप्पा असतो. एक भोक पडलं की सगळी हवा जाते, अर्धी राहत नाही. मावशीला चांगलं पोहता येतं. पण लुगडं पायात गुंडाळलं आणि वेली वरून अडकल्या. दुसऱ्या ट्यूबवरच्या बाईनं बांबू पुढे केला, म्हणून ती आज आमच्यात आहे. नंतर ती एवढंच म्हणाली, "मला पोहता येतं गं, पण लुगड्याला येत नाही."

हे वाक्य आम्ही विसरलो नाही. होडी निवडताना आपण माशाचा विचार करतो, जाळ्याचा करतो, किमतीचा करतो. पण तिच्यात बसणारी बाई कोण आणि तिच्या अंगावर काय आहे, हा विचार सगळ्यात आधी हवा.

थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेला तराफाही आम्ही पाहिला. तो तरंगतो, पण कडा झिजतात, कण सुटतात आणि सगळ्या तळ्यावर पांढरा चुरा पसरतो. दोरी सैल झाली की ठोकळे एकमेकांपासून सुटतात. एखाद्या दिवसाची अडचण भागेल, रोजच्या धंद्याला तो चालणार नाही.

दुसरी चूक: मोठी होडी

त्या प्रसंगानंतर आम्ही ठरवलं, आता पक्की होडी घ्यायची. एका गावातून जुनी फायबरची होडी स्वस्तात मिळाली. विकणारा म्हणाला, "पाच माणसं आरामात बसतात." बसत होती, खोटं नाही. पण ती पाण्यात ढकलायलाही पाच माणसं लागत होती. पाळेवरून खाली आणायची तर आम्हाला घरच्या पुरुषांना हाक मारावी लागे. त्यांना वेळ असेल तेव्हा होडी पाण्यात जायची. मग हळूहळू तेच घेऊन जाऊ लागले, कारण ढकलणारे तेच होते. आम्ही पुन्हा काठावर टोपली घेऊन उभ्या. कर्जाचा हप्ता मात्र आमच्या वहीतून जात होता. पुढे तिला तडा गेला आणि ती पाळेवर उलटी पडून राहिली.

तेव्हा कळलं, की होडीचं वजन हा फक्त किलोचा प्रश्न नाही. होडी कुणाची, हे वजनावर ठरतं. दोन बायांना जी होडी उचलून पाण्यात नेता येते, तीच बायांची होडी.

म्हणून आमच्या दोन कसोट्या आहेत. एक, आपल्यातल्या दोघींना ती उचलता आली पाहिजे. दोन, पाण्यात पडलो तर तिच्यावर आपल्याला परत चढता आलं पाहिजे. या दोन्हींत जी पास होते, तिचीच किंमत विचारायची.

परात आणि घागर

आता होडीचा आकार. घरातल्या दोन वस्तू घ्या, एक परात आणि एक रिकामी घागर. दोन्ही हौदात सोडा. परातीची कड बोटानं दाबा. ती थोडी कलते आणि परत सपाट होते. घागरीला बोट लावा, ती लगेच गोल फिरते. रुंद आणि सपाट तळाची होडी परातीसारखी असते. अरुंद आणि गोल तळाची होडी वेगानं पळते, पण नवशिक्या माणसाला गरगरवते. आपल्याला शर्यत जिंकायची नाही. जाळं ओढताना एका बाजूला वाकायचं आहे. म्हणून आपल्याला परात हवी.

परातीत आता एक उंच तांब्या उभा ठेवा आणि पुन्हा कड दाबा. आता परात लवकर कलते. वजन जितकं उंच, तितका धोका जास्त. म्हणजे होडीत उभं राहिलं की धोका वाढतो, बसलं की कमी होतो. आणि परातीच्या एका कडेला दगड ठेवला तर पाणी आत येतं. म्हणून मासळीची टोपली नेहमी मधोमध आणि खाली ठेवायची, कडेला टांगायची नाही.

लांबीचंही असंच आहे. लांब होडी सरळ जाते, पण वेलींमधून वळवताना त्रास देते. आखूड होडी पटकन वळते, पण वाऱ्यात नाक इकडं तिकडं करते. एकटीसाठी दहा फुटांच्या आसपास, दोघींसाठी बारा फुटांच्या आसपास लांबी छोट्या तळ्याला पुरते. रुंदी अडीच फुटांच्या खाली नको.

कयाक म्हणजे काय

जुना लाकडी डोंगा तुम्हाला माहीत आहे. मजबूत, पण जड. आणि आता तसं मोठं झाड मिळत नाही, तोडूही नये. त्याच्या जागी हल्ली एक प्लास्टिकची छोटी होडी मिळते, तिला कयाक म्हणतात. पर्यटनाच्या ठिकाणी लाल-पिवळ्या रंगाच्या दिसतात, त्याच. हे नाव उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातल्या इन्युइट लोकांचं. ते लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून अशी होडी करत आणि तिच्यातून शिकार करत. म्हणजे ही मुळात पोट भरण्यासाठीची होडी आहे, खेळाची नंतर झाली.

आजची साधी कयाक पॉलिथिलीनची असते. आपल्या छतावरची काळी पाण्याची टाकी ज्या पद्धतीनं होते, त्याच पद्धतीनं हीही होते. साच्यात प्लास्टिकची भुकटी टाकून साचा भट्टीत फिरवतात, म्हणून तिला कुठं सांधा नसतो. दगडावर आपटली तर फायबरसारखी तडकत नाही, पोचा येतो. फायबरला तडा गेला तर राळ आणि काचेचं कापड लावून गावात दुरुस्ती होऊ शकते, ही त्याची चांगली बाजू. प्लास्टिकला मात्र तसलंच प्लास्टिक वितळवून जोड द्यावा लागतो.

कयाकचे दोन प्रकार असतात. नीट ऐका, कारण दुकानात इथंच फसायला होतं.

एक बंद कयाक. तिच्यात खड्ड्यात बसल्यासारखं बसायचं, पाय आत सरकवायचे. ती उलटली तर आत पाणी भरतं, आणि साडी नेसलेल्या बाईचे पाय आत अडकू शकतात. ती आपल्यासाठी नाही. कितीही स्वस्त मिळाली तरी नाही.

दुसरी उघडी कयाक. तिच्या पाठीवर बसायचं, जसं आपण पाटावर बसतो. ती आतून पोकळ आणि बंद असते. तिच्या पृष्ठभागावर आरपार भोकं दिसतात. आम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, भोकं असलेली होडी कोण घेईल? पण ती भोकं पोकळ भागात उघडत नाहीत. ती नळीसारखी वरून थेट खाली जातात. बसायची जागा पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असते, म्हणून वर पडलेलं पाणी त्यातून खाली निघून जातं. पाणी उपसायला डबा लागत नाही. उलटली तरी ती बुडत नाही. सरळ करायची आणि परत चढायचं.

किती भार पेलेल?

होडीवर किंवा तिच्या कागदावर किती किलो पेलते ते लिहिलेलं असतं. तो आकडा तसाच धरू नका. हिशेब सोपा आहे. होडी जितकं लिटर पाणी बाजूला सारते, तितके किलो ती उचलते. एक लिटर म्हणजे एक किलो. लिहिलेला आकडा जवळजवळ शेवटची हद्द असते. तिथपर्यंत भरली तर होडी पाण्यात खोल बसते आणि जराशा लाटेनं डगमगते.

आपण असं करायचं. सगळ्याचं वजन लिहायचं. समजा बाई 55 किलो, ओलं जाळं 8 किलो, मासळी 15 किलो, पाणी-डबा 2 किलो. एकूण 80 किलो. त्याची दीडपट म्हणजे 120 किलो. एकटीसाठी निदान 120 किलोची होडी हवी. दोघी जाणार असाल तर 55 आणि 60 किलोच्या दोघी, जाळं 10, मासळी 25, बाकी 5, एकूण 155 किलो. दीडपट केली की 230 किलोच्या आसपास. म्हणजे 150 किलो लिहिलेली होडी दोघींची नाही, विकणारा काहीही म्हणो. जाळं ओलंच मोजा. कोरडं जाळं मोजून आम्ही फसलो आहोत.

आणखी एक खूण आहे. भरून पाण्यात सोडल्यावर त्या आरपार भोकांतून पाणी वर येऊन बसायच्या जागी साचू लागलं, तर भार जास्त झाला. आकडे वाचता न येणाऱ्या बाईलाही ही खूण कळते.

आता पहिली कसोटी आठवा. एकटीची उघडी कयाक साधारण 20 ते 30 किलोची असते, दोघींची 30 ते 40 किलोची. पाण्याच्या दोन-तीन घागरी वाहणाऱ्या बाईला हे ओझं नवं नाही. पण बाजारात मासेमारीसाठी म्हणून खुर्ची, गळ ठेवायच्या नळ्या, कप्पे असं बरंच काही लावलेल्या जड होड्याही मिळतात. त्या गळ टाकून छंदानं मासे पकडणाऱ्यांसाठी. आपल्याला जाळं ठेवायला मोकळी जागा हवी. जितकं वर चिकटवलेलं कमी, तितकं जाळं कमी अडकतं.

पैसे देण्याआधी पाण्यात

दुसरी कसोटी पाण्यातच होते. विकणाऱ्याला सांगा, आधी पाण्यात बघू, मग पैसे. नाही म्हणाला तर पुढं चला.

छातीइतकं पाणी, खाली गाळ नसलेली कडक जागा, आणि पोहता येणाऱ्या दोघी-तिघी जवळ उभ्या. अंगात लाइफ जॅकेट. रोज जे कपडे घालून जाणार तेच कपडे. मग मुद्दाम पडायचं. होडी उलटी झाली असेल तर सरळ करायची. मधल्या भागाला यायचं, टोकाला नाही. दोन्ही हात होडीवर, पाय मागे पाण्यात आपटून अंग पसरट करायचं आणि स्वतःला आडवं वर ओढायचं. आम्ही तीन शब्द पाठ केले आहेत: पोट, बूड, पाय. आधी पोट होडीवर, मग वळून बूड जागेवर, शेवटी पाय आत. घाईनं आधी गुडघा टाकला की होडी परत उलटते.

आमच्यातली सगळ्यात धडधाकट बाई पहिल्या दमात चढली नाही आणि साठीची काकू चढली. ताकदीपेक्षा पद्धत महत्त्वाची. जिला तीनदा सलग चढता येत नाही, तिनं खोल पाण्यात जायचं नाही, असा आमच्या गटाचा नियम आहे. त्यात कमीपणा नाही. सराव करायचा आणि पुढच्या महिन्यात जायचं.

कपड्यांबद्दल स्पष्ट बोलतो. सहावारी साडी पायात गुंडाळते. कासोटा घातलेलं नऊवारी लुगडं किंवा पायाशी आवळलेली सलवार बरी. पदर कमरेला घट्ट खोचा, लोंबता ठेवू नका, तो जाळ्यात अडकतो. गमबूट नकोत, त्यात पाणी भरतं. आणि जाळ्याची दोरी कमरेला किंवा मनगटाला कधीच बांधायची नाही.

होडीबरोबर काय हवं

होडीच्या किमतीतच लाइफ जॅकेटची किंमत धरा. ते नंतर घेऊ म्हटलं की घेतलं जात नाही. माणसं जितकी, जॅकेटं तितकी. घालून पट्टे आवळा आणि दुसरीला खांद्याला धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे. आणि ते बसायला उशी म्हणून वापरायचं नाही, अंगात घालायचं. त्याला एक शिट्टी बांधा.

वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं, साडेसात ते आठ फुटांचं घ्या. होडी रुंद असल्यानं आखूड वल्हं पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. वल्हं दोरीनं होडीला बांधून ठेवा. नांगर म्हणून दगड बांधणार असाल तर तो पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा. बाजूला बांधला तर वाऱ्याच्या झटक्यानं होडी कलते. दोरी कापायला एक विळा हाताशी असू द्या.

जुनी होडी घेत असाल तर तिचं एक टोक उचलून हलवा. आत पाणी खळखळलं तर कुठंतरी भोक आहे. तळावर अंगठा दाबून फिरवा. रंग उडून खडूसारखी पांढरी पडली असेल तर उन्हानं प्लास्टिक कडक झालं आहे, ती तडकेल. बूच नीट बसतं का पाहा. झाकण असलेली होडी असेल, तर घट्ट बूच लावलेल्या रिकाम्या बाटल्या तिच्या पोकळीत भरून ठेवा. होडीला भोक पडलं तरी एक लिटरची बाटली साधारण एक किलोचा आधार देते. तीस बाटल्या म्हणजे तीस किलो.

पैसे आणि परवानगी

तळ्याचा मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तळं आपल्या गटाकडे नसेल तर आधी संस्थेशी बोला. ढिवर बांधवांचं पोट त्या पाण्यावर आहे. भांडून नाही, बरोबरीनं बसून ठरवा.

पैशासाठी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के आणि महिलांना 60 टक्क्यांपर्यंत अनुदान ठरवलं होतं. आपली होडी त्यात बसते का, हे खरेदीच्या आधी लेखी विचारा. आधी मंजुरी, मग बिल. गटाच्या ठरावात होडी कुणाच्या नावावर, कोण कधी नेणार आणि दुरुस्तीला दर फेरीमागं किती बाजूला काढायचं, हे लिहून ठेवा. आमच्या पहिल्या होडीच्या वेळी हा कागद नव्हता, म्हणून ती आमच्या हातून गेली.

रोजची काळजी

होडी मुरुमावरून ओढू नका, उचला. काम झालं की धुऊन, उलटी करून सावलीत ठेवा. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं निघा, म्हणजे दमून परतताना वारा मदत करेल. आभाळ गडगडलं की जाळं सोडून काठावर या. जाळं परत मिळतं. आणि कितीही सवय झाली तरी एकटीनं जायचं नाही, पाळेवर एक बाई लक्ष ठेवून असलीच पाहिजे.

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया स्वतः वल्हं मारून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. त्यांची खाडी वेगळी, आपलं तळं वेगळं. पण वल्हं बाईच्या हातात शोभतं, हे त्यांनी दाखवलं आहे.

आमच्याकडे आता दोघींची एक उघडी होडी आहे. ती ट्यूबवाली मावशी पहिल्या दिवशी काठावरच बसून होती. तिसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, "मला पडायला शिकवता का?" आम्ही शिकवलं. पोट, बूड, पाय. आता पाळीच्या दिवशी सगळ्यात आधी तीच येऊन उभी राहते.

तर मैत्रिणींनो, दुकानात जाताना दोनच प्रश्न घेऊन जा. आम्हा दोघींना उचलता येईल का? पडलो तर परत चढता येईल का? तुमच्या तळ्यावर तुम्ही काय वापरता, तेही आम्हाला कळवा. पुढच्या वेळी जाळ्याच्या आसाबद्दल बोलू. तोवर सांभाळून राहा. नमस्कार.